नोटरीचे दैनंदिन कामकाज आणि पक्षकाराची ओळख : सोलापुरातील नव्या नोटरींसाठी सविस्तर मार्गदर्शन

नोटरीचा शिक्का बसला म्हणजे कागद पक्का झाला, अशी समजूत सोलापूर शहरात आणि जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत खोलवर रुजलेली आहे. त्या समजुतीपोटी पक्षकार जमिनीच्या व्यवहारापासून काडीमोडापर्यंत सगळे काही घेऊन नोटरीच्या टेबलापाशी येतात आणि ‘साहेब, एवढा शिक्का मारून द्या’ म्हणून मोकळे होतात. कायद्याने नोटरीवर टाकलेली जबाबदारी याहून वेगळी आणि अगदी नेमकी आहे. अमुक व्यक्ती अमुक दिवशी स्वतः समोर आली, ती तीच आहे याची खात्री पटली आणि तिने मजकूर समजून घेऊन सही किंवा अंगठा केला, एवढ्याची साक्ष नोटरी देतो. मजकुराच्या खरेखोटेपणाचा भार सही करणाऱ्याच्या माथी राहतो. म्हणून या व्यवसायात ओळख पटवणे हेच मुख्य काम असून तिकीट, शिक्का आणि नोटरीची सही या त्यानंतरच्या गोष्टी होत. प्रमाणपत्र नुकतेच हाती आलेल्या वकिलांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. नोटरीकडे जाताना काय बरोबर न्यावे हे पक्षकारांनाही त्यातून समजू शकेल.

नेमणूक, क्षेत्र आणि कार्यालय

नोटरीचे सर्व काम नोटरी कायदा, १९५२ आणि नोटरी नियम, १९५६ यांच्या आधारे चालते. वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलास नेमणुकीसाठी अर्ज करता येतो. महिला आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गातील वकिलांसाठी ही अट सात वर्षांची आहे. नेमणूक केंद्र सरकार करते किंवा राज्य सरकार करते, आणि प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी मिळते. केंद्राचा नोटरी वरचढ आणि राज्याचा दुय्यम असा एक समज न्यायालयाच्या आवारात ऐकू येतो, त्यात तथ्य नाही. दोघांची कामे कायद्याच्या त्याच कलम ८ मधून येतात.

प्रमाणपत्र हाती पडताच त्यावरील क्षेत्र नीट वाचावे. सोलापूर हा सीमेवरचा जिल्हा असल्याने ही बाब येथे नुसती औपचारिक राहत नाही. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातील पक्षकाराचे नातेवाईक इंडी आणि विजयपूर भागात असतात, आणि ‘गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता आहे, तिकडेच येऊन सही घ्या’ असा आग्रह होतो. ज्याच्या प्रमाणपत्रावर सोलापूर जिल्हा असे क्षेत्र आहे, त्याने कर्नाटकात जाऊन केलेले काम नोटरीचे काम ठरत नाही. सही करणाऱ्याने हद्दीत यावे किंवा तिकडच्या नोटरीकडे जावे. कार्यालयही प्रमाणपत्रात दिलेल्या क्षेत्रातच असणे नियमाने बंधनकारक आहे.

शिक्का गोल, साधा आणि पाच सेंटिमीटर व्यासाचा असावा लागतो. त्यावर नोटरीचे नाव, नेमणुकीचे क्षेत्र, नोंदणी क्रमांक, ‘नोटरी’ हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव असते. सही आणि हा अधिकृत शिक्का या दोन्हींशिवाय केलेली कोणतीही कृती नोटरीची कृती मानली जात नाही, असे कलम ८ स्पष्टपणे सांगते. म्हणून शिक्का कुलपात ठेवावा. दुपारी न्यायालयात उलटतपासणीला जाताना तो कारकुनाच्या हाती देऊन जाण्याची सवय जिथे आहे, तिथे पुढच्या तक्रारीची पायाभरणी झालेली असते. फीचे दर कार्यालयाच्या आत आणि बाहेर ठळकपणे लावावेत, अशीही नियमाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात हा फलक फारच थोड्या टेबलांजवळ दिसतो, आणि पक्षकाराची पहिली कुरबुर नेमकी फीवरूनच सुरू होते.

समोर आलेल्या माणसाची ओळख

पहिली अट हजेरीची आहे. सही करणारी व्यक्ती स्वतः समोर असली पाहिजे. ‘भाऊ पुण्याला कंपनीत आहे, सही करून कागद पाठवला आहे’, ‘आई अंथरुणावर आहे, अंगठा घरीच घेतला’, ‘व्हिडिओ कॉल लावून देतो, बोला’ या तीनही विनंत्यांना एकच उत्तर द्यावे लागते. नोटरी कायद्यात व्हिडिओ कॉलवरून ओळख पटवण्याची सोय नाही. पुण्याच्या भावाने पुण्यातील नोटरीसमोर सही करावी. अंथरुणावरच्या आईकडे नोटरीने, घर किंवा रुग्णालय आपल्या क्षेत्रात असेल तर, नोंदवही आणि शिक्का घेऊन स्वतः जावे. त्यासाठीचा प्रवासखर्च घेण्यास नियमांत मुभा आहे. अशा भेटीत रुग्ण शुद्धीवर आहे का, त्याला नाव, दिवस आणि कागदाचा विषय सांगता येतो का, हे बोलून पाहावे आणि शक्य असेल तेथे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा तसा दाखला जोडून घ्यावा.

सही आधीच केलेला कागद आणला असेल, तर समोर पुन्हा सही करून घ्यावी. काही नोटरी जुन्या सहीखाली ‘सही कबूल’ असे लिहून घेतात. दस्ताच्या बाबतीत ते चालून जाते, परंतु प्रतिज्ञापत्राला ते पुरत नाही, कारण प्रतिज्ञापत्रात शपथ समोर दिली जाते आणि सही त्या शपथेनंतरची असावी लागते.

दुसरी पायरी ओळखपत्राची. नोटरी कायद्यात कोणती ओळखपत्रे चालतील याची यादी दिलेली नाही, ही गोष्ट नव्या नोटरीला गोंधळात टाकते. कायद्याने खात्री करण्याची जबाबदारी नोटरीवर ठेवली आहे आणि ती कशी करावी हे त्याच्या विवेकावर सोडले आहे. व्यवहारात छायाचित्र असलेले, सरकारने दिलेले मूळ ओळखपत्र पाहण्याची पद्धत रूढ आहे : आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र. प्रत्येकाची ताकद आणि मर्यादा वेगळी आहे. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे ते एकटे पुरत नाही. मतदार ओळखपत्रावरील छायाचित्र पुष्कळदा वीस वर्षांपूर्वीचे असते. पारपत्र सर्वात भरवशाचे, पण शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराकडे ते कुठून असणार? शिधापत्रिका हा कुटुंबाचा कागद आहे, तो जोडकागद म्हणून पाहावा, एकमेव पुरावा म्हणून नव्हे.

राहता राहिले आधार, जे जवळपास प्रत्येकाकडे असते आणि म्हणूनच ज्याची बनावट रंगीत प्रतही सहज मिळते. बाजारात पन्नास रुपयांत प्लॅस्टिकचे कार्ड छापून मिळते आणि छापणारा त्यावरील मजकूर तपासत बसत नाही. छापील कार्डावरील क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या ॲपने वाचला की नाव, पत्ता आणि छायाचित्र डिजिटल सहीसह पडद्यावर येते. त्या पडद्यावरचा चेहरा, कार्डावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा असे तिन्ही जुळवून पाहावेत. या तपासणीला अर्धा मिनिटही लागत नाही आणि बनावट कार्डांपैकी बहुतेक येथेच उघडी पडतात. पक्षकाराच्या मोबाईलमधील डिजिलॉकरमध्ये सरकारी यंत्रणेकडून थेट आलेले कागद कायद्याने मूळ कागदाइतकेच मानले जातात. परंतु ते त्याने स्वतःच्या डिजिलॉकर खात्यातून आपल्यासमोर उघडून दाखवले पाहिजेत. व्हॉट्सॲपवर आलेले छायाचित्र म्हणजे डिजिलॉकर नव्हे.

आधार म्हणजे ओळखीचा पुरावा; नागरिकत्वाचा तो पुरावा नाही आणि जन्मतारखेसाठीही त्यावर विसंबू नये. वय सिद्ध करायचे असेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंदीचा उतारा मागावा. कार्डाची प्रत ठेवायची असल्यास पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्यावी आणि प्रतिज्ञापत्राच्या मजकुरात आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंकच लिहावेत. हे कागद पुढे तहसील कचेरी, बँक, शाळा असे अनेक हातांतून फिरतात, आणि आधार क्रमांक उघडपणे प्रसिद्ध करण्यास आधार कायद्याने मनाई आहे. ओळखपत्रांच्या प्रतींचा गठ्ठा टेबलाखाली उघडा पडलेला असणे आणि महिनाअखेरीस तो रद्दीत जाणे, हे प्रकार तर ताबडतोब बंद व्हायला हवेत.

तिसरी पायरी संभाषणाची आहे आणि माझ्या मते ती ओळखपत्राइतकीच मोलाची आहे. कार्ड हातात धरून ‘तुमचे नाव हेच ना?’ असे विचारू नये. त्याला ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘आपले पूर्ण नाव सांगा, जन्मसाल सांगा, घराजवळची खूण सांगा, हा कागद कशासाठी करताय ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारावे. तोतया माणूस चेहऱ्याने जुळला तरी वडिलांचे नाव सांगताना अडखळतो, आणि बरोबर आलेला नातेवाईक लगेच मधे बोलून उत्तर पुरवतो. नातेवाईक जास्त बोलत असेल तेव्हा त्याला बाहेरच्या बाकावर बसवून फक्त सही करणाऱ्याशी बोलावे. म्हाताऱ्या आईवडिलांकडून मुखत्यारपत्र किंवा हक्कसोडीचा मसुदा करून घेतला जातो, त्या वेळी ही खबरदारी विशेष पाळावी.

चौथी बाब ओळख देणाऱ्या वकिलाची. ‘मी यांना ओळखतो’ असे लिहून वकिलाने सही करण्याची पद्धत जुनी आणि उपयोगी आहे, पण ती ओळख खरी असली पाहिजे. प्रत्यक्षात पुष्कळदा पक्षकाराची आणि त्या वकिलाची भेट पाच मिनिटांपूर्वी चहाच्या टपरीवर झालेली असते. ओळख देणाऱ्या वकिलाचे पूर्ण नाव, सनद क्रमांक आणि सही घ्यावी, आणि ती घेतल्यानंतरही मूळ ओळखपत्र पाहावेच. वकिलाने ओळख दिली म्हणून नोटरीची जबाबदारी संपत नाही.

नावांचा घोळ

सोलापुरातल्या नोटरीच्या टेबलावर सर्वात जास्त वेळ जातो तो नावे जुळवण्यात. मराठी रिवाजाप्रमाणे आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे आणि शेवटी आडनाव येते. पद्मशाली समाजातील तेलुगू रिवाजात घराण्याचे नाव आधी येते आणि पुष्कळदा केवळ आद्याक्षरानेच लिहिले जाते. कन्नडभाषक लिंगायत कुटुंबांत आडनावाच्या जागी गावाचे नाव आढळते. शाळेचा दाखला मराठी रिवाजाने, जुनी शिधापत्रिका तेलुगू रिवाजाने आणि आधार संगणकचालकाच्या मर्जीने, अशी एकाच माणसाची तीन नावे तयार होतात. त्यात नरसय्या, नर्सय्या आणि नरसिंहय्या ही एकाच व्यक्तीची रूपे आहेत की बाप, मुलगा आणि चुलता अशी तीन माणसे आहेत, हे कागदावरून कळत नाही. विवाहानंतर बदललेली नावे, सासरी ठेवलेले नवे नाव आणि माहेरच्या सातबाऱ्यावर राहिलेले जुने नाव हा घोळ तर सर्वच समाजांत आहे.

अशा वेळी ‘एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र’ केले जाते. ते करताना दोन्ही किंवा तिन्ही नावे ज्या कागदांत जशी आहेत तशीच, कान्यामात्रेचाही फरक न करता, त्या त्या कागदाच्या क्रमांकासह लिहावीत. नावाबरोबर न बदलणारी अशी एखादी गोष्ट दोन कागदांत समान सापडते का, ते पाहावे : जन्मतारीख, वडिलांचे नाव, पत्ता, छायाचित्र. यांपैकी एकही जुळत नसेल तर केवळ सांगण्यावरून असे प्रतिज्ञापत्र साक्षांकित करू नये. एक उदाहरण देतो. विडी कामगार महिलेचे कामगार ओळखपत्र ‘अंबूबाई’ या नावाने आहे, आधारवर ‘अंबिका’ आहे आणि बँकेच्या पासबुकावर पतीच्या नावाच्या जागी वडिलांचे नाव आहे. तिन्ही कागदांवर छायाचित्र आहे, तिन्हींत घर क्रमांक तोच आहे आणि कामगार ओळखपत्र व आधार यांतील जन्मसाल तेच आहे. येथे प्रतिज्ञापत्र करण्यास हरकत नाही. परंतु कामगार ओळखपत्रावरील जन्मसाल आधारपेक्षा बारा वर्षांनी मागे असेल, तर हे कागद सासूचे नाहीत ना, असा प्रश्न विचारणे भाग आहे.

अशा प्रतिज्ञापत्राने नाव बदलत नाही. नाव खरोखर बदलायचे असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते, आणि आधार किंवा पॅनवरील चूक त्या त्या यंत्रणेकडूनच दुरुस्त करून घ्यावी लागते. पक्षकाराला हे आधीच सांगितले तर त्याचे पैसे आणि खेपा दोन्ही वाचतात.

अंगठा, भाषा आणि पडदा

सही न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेणे हे वाटते तितके सोपे काम नाही. वर्षानुवर्षे विड्या वळणाऱ्या किंवा मागावर काम करणाऱ्या हातांची कातडी घासून गुळगुळीत झालेली असते. अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला की नुसता काळा ठिपका उमटतो आणि तो पुराव्याच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. आधी हात ओल्या फडक्याने पुसून कोरडा करून घ्यावा, शाईचा थर पातळ ठेवावा आणि अंगठा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हलकेच फिरवावा. रेषा दिसल्या नाहीत तर बाजूलाच दुसरा ठसा घ्यावा. पहिल्यावर गिरवू नये. ठशाच्या शेजारी कोणत्या हाताचा अंगठा आणि कोणाचा, हे लिहावे आणि तो ज्याच्यासमोर घेतला अशा साक्षीदाराची सही घ्यावी. ठसा पुसटच येत असेल तर पक्षकाराचे ताजे छायाचित्र कागदावर चिकटवून त्यावर अर्धा शिक्का येईल अशा रीतीने शिक्का मारणे शहाणपणाचे ठरते.

प्रतिज्ञापत्र मराठीत टंकलेले असते आणि समोरची आजी तेलुगू किंवा कन्नडच बोलते, असे या शहरात रोज घडते. मजकूर तिला तिच्या भाषेत वाचून आणि समजावून दिला, तिने तो बरोबर असल्याचे सांगितले, असा स्वतंत्र शेरा शेवटी लिहावा. नोटरीला ती भाषा येत नसेल तर ज्याने समजावून दिले त्याचे नाव, पत्ता आणि सही त्या शेऱ्याखाली घ्यावी, आणि ही व्यक्ती त्या कागदातून फायदा होणारी नसावी. दृष्टिहीन व्यक्तीच्या बाबतीतही हीच रीत पाळावी. बुरखा किंवा पदर घेतलेल्या महिलेचा चेहरा ओळखपत्राशी जुळवणे आवश्यकच आहे. ते काम कार्यालयातील महिला सहकाऱ्याच्या उपस्थितीत, आडोशाला, सन्मानाने करून घ्यावे. चेहरा न पाहताच ‘बाई ओळखीच्या आहेत’ म्हणून पुढे जाणे पक्षकारालाही नंतर महागात पडू शकते.

नोंदवही

न्यायालयात नोटरीला साक्षीला बोलावले जाते, तेव्हा तीन वर्षांपूर्वीचा चेहरा त्याला आठवत नसतो. त्याच्या वतीने नोंदवही बोलते. नियमांनी नोंदवहीचा नमुना ठरवून दिलेला आहे. वही वापरात आणण्यापूर्वी पहिल्या पानावर तिची एकूण पाने किती, याचा दाखला नोटरीने स्वतःच्या सही व तारखेसह लिहावा लागतो. प्रत्येक कामाचा अनुक्रमांक, तारीख, कामाचे स्वरूप, सही करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, कागदातील मजकुराचा गोषवारा, लावलेले नोटरी तिकीट, घेतलेली फी आणि संबंधिताची सही किंवा अंगठा एवढे तरी त्यात आलेच पाहिजे. ओळखपत्राचा प्रकार, त्याचे शेवटचे चार अंक आणि मोबाईल क्रमांक मी शेरा म्हणून लिहिण्याचा आग्रह धरीन, जरी नमुन्यात त्याला वेगळा रकाना नसला तरी.

गोषवाऱ्यात नुसते ‘प्रतिज्ञापत्र’ असे लिहू नये. ‘मयत वडिलांच्या वारसनोंदीसाठी, मौजे अमुक, गट क्रमांक अमुक’ असे लिहावे. कागदावर नोंदवहीतील अनुक्रमांक आणि पान क्रमांक घातला की कागद व नोंद यांची सांगड बसते. रिकाम्या ओळी सोडून ठेवू नयेत. ज्याच्या वहीत दिवसाच्या शेवटी दोन ओळी कोऱ्या आहेत, त्याच्याकडे मागील तारखेच्या कागदासाठी येणारे गिऱ्हाईक लवकरच पोहोचते. जिल्हा न्यायाधीश किंवा शासनाने नेमलेला अधिकारी ही वही तपासू शकतो. फीची पावती देणे आणि फीची वेगळी नोंदवही ठेवणे हेही बंधनकारक आहे.

मुद्रांकाचा प्रश्न

महाराष्ट्रात १६ ऑक्टोबर २०२४ पासून प्रतिज्ञापत्राचे मुद्रांक शुल्क शंभर रुपयांवरून पाचशे रुपये झाले. परंतु प्रत्येक प्रतिज्ञापत्राला ते लागत नाही, आणि ही गोष्ट पक्षकाराला सांगणारे थोडे असतात. न्यायालयात दाखल करावयाचे प्रतिज्ञापत्र आणि केवळ निवृत्तिवेतन किंवा धर्मादाय भत्ता मिळण्यासाठी केलेले प्रतिज्ञापत्र यांना कायद्यातच सूट आहे. जात, उत्पन्न, वास्तव्य, राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील शुल्क शासनाने २००४ सालीच माफ केलेले आहे. ती साध्या कागदावर करता येतात. शिवाय पुष्कळ शासकीय सेवांसाठी २०१५ पासून प्रतिज्ञापत्राऐवजी स्वघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वसाक्षांकित प्रत चालते. ज्या कामाला नोटरीची गरजच नाही ते काम परत पाठवल्याने एका दिवसाची फी बुडते खरी, पण तो पक्षकार पुढच्या खऱ्या कामाला तुमच्याचकडे येतो.

ज्याला मुद्रांक लागतो तो कागद तपासताना मुद्रांक कोणाच्या नावे घेतला आहे आणि कोणत्या तारखेचा आहे, हे पाहावे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार खरेदी केल्यापासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक पुढे वापरता येत नाही. घरी ट्रंकेत ठेवलेला जुना ‘बाँड’ घेऊन येणाऱ्यांना हे पटवणे अवघड जाते, तरी पटवावे लागते. नोटरी तिकीट मुद्रांकाहून वेगळे असते. ते चिकटवून त्यावर सही व शिक्का येईल अशा रीतीने रद्द करावे.

नकार द्यावयाचे प्रसंग

जमीन, घर किंवा गाळा यांचे खरेदीखत नोटरीपुढे करून मालकी मिळत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि साठेखत व कुलमुखत्यारपत्राच्या आधारे मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच निर्णायकपणे सांगितले आहे. शहराच्या हद्दीबाहेरच्या वसाहतींत अर्ध्या गुंठ्याचे, एका गुंठ्याचे तुकडे अशाच ‘नोटरी खरेदी’वर हातोहात फिरतात, आणि त्यातला शेवटचा खरेदीदार आयुष्यभराची पुंजी घालून बसतो. या कागदावर शिक्का मागितला गेल्यास पक्षकाराला दुय्यम निबंधक कार्यालयाचा रस्ता दाखवावा. घरभाड्याच्या कराराचेही तसेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. मुखत्यारामार्फत दस्त नोंदणीस हजर करायचा असेल तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीचे मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकासमोर झालेले लागते. बँक, वीज कंपनी, न्यायालयीन कामकाज अशा इतर कामांसाठी नोटरीसमोरचे मुखत्यारपत्र उपयोगी पडते आणि साक्ष अधिनियमात त्याच्या बाजूने गृहीतकही आहे.

लग्न आणि काडीमोड यांचे कागद हा सर्वात नाजूक भाग. पळून आलेली मुलगा-मुलगी ‘कोर्ट मॅरेज’ म्हणून बाँडवर सही करतात आणि शिक्का मिळाला की लग्न झाले असे समजतात. नोटरी हा विवाह अधिकारी नाही. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे विवाहाचे किंवा घटस्फोटाचे प्रतिज्ञापत्र करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्व नोटरींना बजावले आहे. अशा जोडप्याला विशेष विवाह कायद्याखालील तीस दिवसांच्या नोटिशीची किंवा धार्मिक विधीनंतरच्या विवाहनोंदणीची माहिती द्यावी. पंचांसमोर फारकत झाल्याचा कागद घेऊन येणाऱ्यांचेही समाधान शिक्क्याने होणार नाही. रूढीने काडीमोड मान्य असेल तर ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते.

मागची तारीख, कोऱ्या जागा सोडलेला मसुदा, नोटरीचा स्वतःचा किंवा घरच्यांचा हितसंबंध असलेला कागद, आणि दबावाखाली असल्यासारखी वाटणारी व्यक्ती, या सर्व ठिकाणी नकार द्यावा. मृत्युपत्रासाठी नोटरीची किंवा मुद्रांकाची आवश्यकता नाही. दोन साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असणे किंवा त्याने ती सही त्यांच्याजवळ कबूल केलेली असणे आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर सह्या करणे महत्त्वाचे आहे.

प्रतिज्ञापत्रातील खोट्या कथनाबद्दल भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहे, हे सही घेण्यापूर्वी एका वाक्यात तोंडी सांगण्याची सवय ठेवावी. एवढ्या एका वाक्याने कागद घडी घालून परत खिशात ठेवणारे लोक दर आठवड्याला भेटतात.

प्रती, परदेशी कागद, विवरण आणि नूतनीकरण

खरी प्रत साक्षांकित करताना मूळ कागद हातात घेऊन प्रत्येक पान जुळवावे. लॅमिनेट केलेल्या दाखल्याची मागची बाजू पाहण्यास विसरू नये, कारण शेरे तिथेच असतात. परदेशात वापरायच्या कागदाला केवळ नोटरीचा शिक्का सहसा पुरत नाही. राज्य शासनाचे साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणीकरण, लागते, असे पक्षकाराला आधीच सांगावे.

मागील वर्षात केलेल्या कामांचे विवरणपत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नेमणूक करणाऱ्या सरकारकडे ठरलेल्या नमुन्यात पाठवावे लागते. नोंदवही रोजच्या रोज लिहिलेली असेल तर हे दीड तासाचे काम आहे. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करावा लागतो, आणि मुदत संपल्यानंतर प्रमाणपत्राशिवाय एकही कागद साक्षांकित करता येत नाही. नोटरी नसताना नोटरी असल्याचे भासवून काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोटरीविरुद्ध पक्षकाराला तक्रार करायची असल्यास ती नेमणूक करणाऱ्या सरकारकडे नियम १३ खालील नमुन्यात करावी लागते. शिक्क्यावरील नोंदणी क्रमांक आणि सरकारचे नाव त्यासाठी उपयोगी पडते, म्हणून कागद हाती घेताना पक्षकाराने ते दोन्ही स्वच्छ उमटले आहेत का, एवढे पाहून घ्यावे.